मुंगी, विंचू, शेपट्या आणि पोपट : मराठीतल्या गमतीदार प्राणिगीतांचा अर्थ

प्राण्यांवरच्या गमतीदार गाण्यांचा मराठीतला पल्ला मोठा आहे. तान्ह्याच्या तळहातावर बोट टेकवून म्हणायचं मोराचं गाणं त्यात येतं आणि भल्याभल्या कीर्तनकारांना घाम फोडणारं संतांचं कूटही येतं. त्यांच्या मधे भारुडं, पोळ्याच्या झडत्या, शाहिरांचे सवाल-जवाब, शाळेच्या पुस्तकातल्या कविता, चित्रपटगीतं आणि मिरवणुकीत बँजोवर वाजणाऱ्या चाली अशी सगळी गर्दी आहे. या गाण्यांतला प्राणी खरा कोण, हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारता येतो. उत्तरं मात्र एका साच्यातली मिळत नाहीत. काही गाण्यांत अर्थ रचणाऱ्यानेच दडवलेला असतो आणि शेवटच्या कडव्यात उघडलेला असतो. काहींत तो ऐकणाऱ्यांनी मागाहून भरलेला असतो. काहींत दडलेलं असं काहीच नसतं. ज्या चालीरीतीच्या आधाराने गाणं उभं होतं ती विस्मरणात गेल्यामुळे ते गूढ वाटू लागतं. या तिसऱ्या जातीच्या गाण्यांबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

ही सगळी जातकुळी एकत्र ऐकायची तर मुंबईतली प्रभादेवी आणि आसपासचा गिरणगाव यासारखी जागा नाही. सयानी रोडवर रवींद्र नाट्यमंदिर आहे आणि तिथेच पु. ल. देशपांडे यांच्या नावाची महाराष्ट्र कला अकादमी. बालनाट्यं, लोककलांचे कार्यक्रम आणि भावगीतांच्या मैफली हे तिथलं नित्याचं. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२२पासून २०२३पर्यंत कोकणातल्या गिरणी कामगारांचं नमन आणि शक्ती-तुरा रंगत आला. लालबागच्या रस्त्यावर बँजो, भायखळ्याला राणीची बाग, वरळीला कोळीवाडा. गिरण्यांनी कोकणातून, घाटावरून आणि खानदेशातून माणसं ओढून आणली. त्या माणसांच्या ट्रंकांतून त्यांच्या गावचे बैल, विंचू आणि मैनाही मुंबईला आल्या.

असल्या गाण्यांचा अर्थ शोधण्याचा नाद मराठी माणसालाच आहे असं नाही. फ्रेंच बोलणाऱ्या प्रदेशात लहान मुलं चंडोलाचं एक गाणं नाचत म्हणतात. त्यात त्या गोड पाखराला उद्देशून सांगितलेलं असतं की तुझं डोकं सोलीन, चोच सोलीन, मान सोलीन, पंख सोलीन. प्रत्येक कडव्यात आधीच्या अवयवांची यादी पुन्हा म्हणायची. 'अलूएत' या नावाचं हे गाणं १८७९मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल कॉलेजच्या गीतपुस्तकात छापलं गेलं. कॅनडाच्या नद्यांवर फरच्या व्यापाराच्या होड्या वल्हवणाऱ्यांशी त्याचं नातं जोडलं जातं. तसं पाहिलं तर ते श्रमगीत ठरतं आणि त्यातली वाढत जाणारी यादी वल्ह्यांच्या तालाला धरून येते. चंडोल हे तिकडे खाण्याचंच पाखरू होतं, त्यामुळे सोलण्याची भाषाही स्वयंपाकघरातलीच. हे ठाऊक नसलेला माणूस मुलांच्या तोंडी एवढं क्रौर्य कसं, म्हणून हबकतो. दुसऱ्या एका गाण्यात हिरवी उंदरी शेपटीला धरून पकडतात, तेलात बुडवतात, पाण्यात बुडवतात आणि तिची गोगलगाय होते. ती उंदरी म्हणजे राज्यक्रांतीच्या काळात वांदे प्रांतात छळ करून मारलेला सैनिक, असं हमखास सांगितलं जातं. त्याला कागदोपत्री आधार नाही. गाणं जितकं अर्थहीन तितकी त्याच्याभोवती रचलेली कहाणी भयानक, हा प्रकार मराठीतही दिसतो.

मराठीत या वंशाचं सर्वांत जुनं रूप गोष्टीचं आहे, पण ते आजही लयीतच सांगितलं जातं. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाच्या आंघोळीची, पावडरीची एकेक सबब सांगत त्याला ताटकळत ठेवते. ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी आहे. सातशेहून अधिक वर्षं टिकलेल्या या गोष्टीचा 'अर्थ' अलीकडे फार वाटांनी लावला गेला. कोणी चिमणीला आपमतलबी ठरवलं, कोणी कावळ्यात गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस पाहिला. दुसरं वाचन हलकं नाही. दार न उघडण्याची गोष्ट या समाजात निरागस राहू शकत नाही. पण मूल ती ऐकतं ते सबबींच्या मालिकेसाठी. पुढची सबब काय असेल या उत्सुकतेवर गोष्ट चालते आणि सांगणारी आजी आपल्या घरातल्या कामांप्रमाणे सबबी बदलते. शेण आणि मेण यांचं यमक हाच तिचा टिकाऊ सांगाडा आहे, बाकीचं मांस दर पिढीला नवं चढतं.

ज्यांचा अर्थ मुद्दाम बंद करून ठेवलेला आहे अशी गाणी संतांची. मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग त्यांत सर्वांत प्रसिद्ध. एक मुंगी आभाळात उडते आणि सूर्याला गिळून टाकते. वांझेला मुलगा होतो. विंचू पाताळात जातो आणि शेषनाग त्याच्या पाया पडतो. माशी विते आणि घार जन्मते. हे सगळं पाहून मुक्ताई हसते. परंपरेने लावलेला अर्थ असा : मुंगी म्हणजे अतिसूक्ष्म झालेला जीव, सूर्य म्हणजे ब्रह्म, स्वरूपाचं ज्ञान झालं की इवल्या जीवात अनंत सामावतं. विंचवाचं आणि माशीचं काय करायचं यावर कीर्तनकारांची मतं जुळत नाहीत. कोणी विंचवात कुंडलिनी पाहतो, कोणी वासना. मतभेद असणं स्वाभाविकच, कारण अशा रचनेत प्रत्येक प्राण्याला एकच अर्थ डकवून भागत नाही. व्यवहाराच्या बुद्धीला ठेच लावणं हे तिचं पहिलं काम. उत्तर भारतात कबीराच्या उलटबांसीही हेच करतात. शेवटचं हसू इथे महत्त्वाचं. टीकाकार ते बहुधा सोडून देतात आणि अभंगाला गंभीर चेहऱ्याच्या वेदान्तात बसवतात. पण रचणारी स्वतः हसते आहे, म्हणजे गंमत ही अर्थावर चढवलेली साखर नव्हे. जे अशक्य ते घडलेलं पाहून हसू येणं हाच त्या अनुभवाचा भाग आहे.

एकनाथांची (१५३३ ते १५९९) तऱ्हा याहून वेगळी. त्यांना कोडं घालायचं नव्हतं, बाजारात उभं राहून लोकांना थांबवायचं होतं. त्यांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडं आहेत. जोशी, वासुदेव, पिंगळा, गोंधळी, वेसकर अशी गावातली सोंगं त्यांत येतात, तसे प्राणीही. विंचवाच्या भारुडात एक जण चावल्याचा आकांत करतो, अंगाला घाम फुटतो, जीव कासावीस होतो. विंचू कोणता, तर काम आणि क्रोध यांचा. उतारा कोणता, तर तमोगुण मागे सारून सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. तरी थोडी आग उरते, ती गुरू जनार्दन शांत करतात. इथे रूपक लपवलेलं नाहीच. पहिल्या दोन-तीन कडव्यांत ऐकणारा पोट धरून हसतो आणि हसता हसताच त्याला कळतं की लोळणारा तो आपणच. विंचू निवडण्यात नाथांची नेमकी नजर दिसते. विंचू चावण्याचं दुःख प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक, ते प्राणघातक क्वचित पण असह्य, आणि त्यावर मांत्रिकाचा उतारा घेण्याची रीत घरोघरची. वासनेचं वर्णन सापाने केलं असतं तर ते मरणाचं झालं असतं. विंचवामुळे ते ठणक्याचं झालं, आणि ठणक्यावर हसता येतं.

एडक्याचं भारूड तितकं गायलं जात नाही, पण विनोदात ते विंचवाच्या वरचढ आहे. इथे मदन म्हणजे मस्तवाल एडका. तो शंकराला धडक मारतो, ब्रह्मदेवाची दाणादाण उडवतो, इंद्राचंद्रांना दरारा बसवतो. पुराणातले मातब्बर एकामागून एक भुईसपाट होतात. शुकदेव तेवढा त्याला आवरतो. देवांची अशी टिंगल कीर्तनात सरळ शब्दांत करता आली नसती. एडक्याच्या शिंगांनी ती करता आली, आणि कोणाला राग यायचं कारण उरलं नाही.

विंचवाचं भारूड शहरातल्या रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकेवर आलं ते प्रामुख्याने शाहीर साबळे यांच्या (१९२३ ते २०१५) आवाजात. 'महाराष्ट्राची लोकधारा'ने लोककलांचे तुकडे एका कार्यक्रमात बांधले आणि गिरणगावातल्या तिसऱ्या पिढीला ते प्रथम थिएटरात बसून दिसले. यात कमाई मोठी होती, पण थोडं नुकसानही झालं. दिंडीत किंवा सप्ताहात भारूड म्हणताना गाणारा मधेच थांबून निरूपण करतो. सोंग आणि समजावणं आलटून पालटून चालतं. रंगमंचावर वेळ मोजका, म्हणून निरूपण गळालं आणि आकांत तेवढा वाढला. आज शाळांच्या स्नेहसंमेलनात मुलं विंचू चावल्याचा अभिनय झकास करतात, पण सत्त्वगुणाच्या अंगाऱ्यापर्यंत संगीत पोचायच्या आधी टाळ्या पडतात. ज्या कडव्यासाठी नाथांनी सगळा खटाटोप केला ते कडवं उपचारापुरतं उरलं.

शाहिरी परंपरेत प्राण्यांचं रूपक आखाड्यात उतरतं. शाहिरांच्या दोन पक्षांपैकी कलगीवाले शक्तीला, मायेला थोर मानतात. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला. रात्रभर चालणाऱ्या सामन्यात एक फड भेदिक रचनेतून कोडं टाकतो आणि दुसऱ्याने त्याचा भेद सांगायचा. डोकं नसलेला हत्ती, पाच तोंडांची गाय असल्या जनावरांमागे पंचमहाभूतं, इंद्रियं किंवा नाड्या असतात. कोकणात हेच शक्ती-तुऱ्याच्या रूपाने बाल्या नाचाबरोबर रुजलं आणि चाकरमान्यांबरोबर मुंबईत आलं. इथे अर्थ हा थेट हारजितीचा प्रश्न असतो. उत्तर चुकलं तर सगळा हॉल हसतो, आणि ते हसू मुक्ताईच्या हसण्याइतकं प्रेमळ नसतं.

खऱ्याखुऱ्या जनावराच्या समोर म्हटली जाणारी गमतीदार गाणी म्हणजे विदर्भातल्या पोळ्याच्या झडत्या. श्रावणी अमावास्येला सजवलेले बैल तोरणाखाली उभे करतात आणि एकेक जण पुढे होऊन यमकाची झडती ललकारतो. शेवटी गौरा-पार्वती आणि महादेव यांचा जयघोष. आरंभीच्या ओळी बहुधा अर्थाशिवायच्या, यमक जुळवायला घेतलेल्या. घाव पुढच्या ओळींत बसतो. सावकार, पाटील, कापसाचा भाव, कर्ज, निवडणुकीत हात जोडून आलेला पुढारी, कोणीही सुटत नाही. बैल मुका, मालकाचा लाडका आणि त्या दिवसाचा राजा. त्याच्या आडून बोललेलं कोणाला लागलं तरी सणाच्या दिवशी भांडण काढता येत नाही. झडतीचा अर्थ समजून घ्यायला कोणत्याही टीपेची गरज नसते, पण त्या वर्षीचा कापसाचा भाव ठाऊक असावा लागतो. म्हणूनच जुन्या झडत्या छापून आल्या की फिक्या वाटतात.

मुंबईच्या मुलाला बैल भेटतो तो वेगळ्या वाटेने. मंगेश पाडगावकरांचं आणि मीना खडीकरांनी चाल लावलेलं 'सांग सांग भोलानाथ' घराघरांत आहे. त्यात मूल भोलानाथाला विचारतं : पाऊस पडून शाळेभोवती तळं साचेल का, दुपारी आई झोपली असताना लाडू घेतला तर आवाज होईल का, गणिताच्या पेपरच्या दिवशी पोटात कळ येईल का, आठवड्यात रविवार तीनदा येतील का. आज पुष्कळ मुलांना, आणि त्यांच्या पालकांनाही, हा भोलानाथ म्हणजे शंकर वाटतो. गाण्यातला भोलानाथ म्हणजे नंदीबैल. रंगीत झूल पांघरलेला बैल घेऊन नंदीवाला दारोदार येई, गुबुगुबु ढोलकं वाजवी आणि पाऊस पडेल का, लग्न जमेल का, असे प्रश्न बैलाला विचारी. मालकाच्या इशाऱ्याने बैल होकाराची मान हलवी. सगळी गंमत या इशाऱ्यात आहे. मोठी माणसं ज्याला पावसापाण्याचं आणि लग्नकार्याचं विचारतात त्याच्याकडे मूल सुट्टी मागतं, आणि नंदीबैल नाही म्हणत नसतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रविवारच्या प्रश्नाआधी मूल खरं सांगायची विनवणी करतं, कारण बैलाच्या होकाराची किंमत त्यालाही कळून चुकली आहे. नंदीबैल रस्त्यावरून गेला आणि गाण्याचा हा थर त्याच्याबरोबर गेला. उरली ती देवाला केलेली गोड प्रार्थना, जी कवीने लिहिलीच नव्हती. जनावराला मनातलं विचारण्याची रीत मात्र प्रभादेवीत शाबूत आहे : सिद्धिविनायकाच्या देवळात लोक चांदीच्या उंदराच्या कानाला लागून आपली इच्छा सांगतात.

भोंडल्याचा हत्तीही असाच. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून मुली आणि बायका त्याच्याभोवती फेर धरतात आणि सासरच्या माणसांची यथेच्छ टर उडवतात. हत्ती पावसाचा आणि सुगीचा. त्याच्याबद्दल गाण्यांत फारसं काहीच नाही. दादर-गिरगावच्या चाळींच्या गच्चीवर भोंडला टिकला, पण पाटावरचा हत्ती तिथे का, हे सांगणाऱ्या बायका कमी झाल्या.

एकोणिसाव्या शतकात प्राण्यांच्या गोष्टीला एक शेपूट जोडलं गेलं : तात्पर्य. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८मध्ये आली, त्याआधी तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने इसाप मराठीत उतरला होता. पंचतंत्र आणि हितोपदेश होतेच, पण शाळा, छापील पुस्तक आणि परीक्षा यांनी तात्पर्याला सक्तीचं केलं. प्राणी दिसला की बोध काढायचा, ही सवय मराठी वाचकाला तिथे लागली आणि ती गाण्यांनाही चिकटली. त्या सवयीला छेद देणारी पहिली सुंदर कविता कवी दत्त यांची. दत्तात्रय कोंडो घाटे (१८७५ ते १८९९) यांनी एका मुलाला मोत्या नावाच्या कुत्र्याचा पंतोजी केलं. मूल कुत्र्याला मुळाक्षरं शिकवतं, तो शिकत नाही म्हणून रागावतं. वरवर पाहता लडिवाळ कविता. पण पंतोजींचा सगळा आव, दरडावणं, आमिष दाखवणं मुलाच्या तोंडून जसंच्या तसं येतं, आणि गंमत कुत्र्याची न राहता शाळेची होते. तात्पर्य शिकवणाऱ्या संस्थेवरच हसणारी ही रचना पुढे कित्येक पिढ्यांना शाळेतच पाठ करावी लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रांतात ग. दि. माडगूळकर आले आणि प्राणिगीत खऱ्या अर्थाने गाणं झालं. 'देवबाप्पा' (१९५३) या राम गबाले यांच्या चित्रपटातलं 'नाच रे मोरा' त्यांचं, चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज आशा भोसले यांचा. त्यात विनोद कमी, उल्हास जास्त, आणि गूढार्थ शून्य. तो शोधू नये हेच बरं. बदकाच्या कुरूप पिलाचं त्यांचं गाणं हान्स अँडरसनच्या १८४३च्या कथेवरून घेतलेलं आहे. तिथे अर्थ डेन्मार्कहून आयात झालेला, पण इतका मुरलेला की मराठी घरात कोणाला तो परका वाटत नाही.

माडगूळकरांची या विषयातली सर्वांत चतुर रचना म्हणजे शेपटीवाल्या प्राण्यांच्या सभेचं गाणं. चाल मीना खडीकरांची. पोपट सभापती. देवाने प्रत्येकाला एकेक शेपूट दिलं, त्याचं काय करणार, असा प्रश्न सभेपुढे येतो. गाय माशा वारणार, घोडा तेच करणार. कुत्रा खूश झाला की हलवणार. मांजरीला कुत्र्याचं अनुकरण कमीपणाचं, ती रागावली की फुगवणार. खार थंडीत त्याचीच बंडी करणार. मासा त्याने पोहणार, कांगारूला तो पाचवा पाय, मोर पावसात पिसारा फुलवणार. सभेचं कामकाज, एकमेकांना टोमणे, सभापतीची शाबासकी हे सगळं एखाद्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक बैठकीसारखं चालतं. मग शेवटी सभापती इशारा देतो : वापर केला नाही तर दोन पायांच्या माणसासारखं शेपूट झडून जाईल.

या एका फटक्याने सगळं गाणं उलटं होतं. तोवर मुलं प्राण्यांना हसत होती. आता प्राणी माणसाला हसतात. न वापरलेला अवयव नाहीसा होतो हा लामार्कच्या उत्क्रांतिविचारातला नियम, तोही मुलांच्या गाण्यात, कसलाही शास्त्रीय आव न आणता. शास्त्र म्हणून तो नियम आज कोणी मानत नाही, पण विनोद म्हणून त्याची धार कायम आहे. शिवाय प्रत्येक प्राण्याने सांगितलेला उपयोग प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतका अचूक. शेपूट हे समतोलाचं, संरक्षणाचं, भावना दाखवण्याचं आणि ऊब देण्याचं साधन आहे, हे धड्याच्या भाषेत कोणी लक्षात ठेवलं नसतं. मराठीत गमतीच्या प्राणिगीतामागे दडलेल्या अर्थाचा एकच नमुना दाखवायचा झाला तर हा दाखवावा. अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवलेला, मुलाला थेट समजणारा आणि मोठ्याला किंचित टोचणारा.

विंदा करंदीकरांची बालकविता ही गाण्यापेक्षा म्हणण्याची चीज. 'राणीची बाग' (१९६१), 'सशाचे कान' (१९६३), 'सर्कसवाला' (१९७५) ही शीर्षकंच सांगतात की त्यांचा प्राणी जंगलातला नाही, मुंबईतला आहे. तो पिंजऱ्यात आहे, पाहुण्यांकडे पाहतो आहे, आणि माणसासारखाच तऱ्हेवाईक आहे. विंदांकडे तात्पर्याला जवळपास मज्जाव आहे. त्यांच्या विसंगतीत दडलेला उपदेश शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो, पण एखाद्या यमकाच्या कोलांटउडीत त्याला मुलाची तर्कबुद्धी सापडते. मोठ्यांच्या कवितेत 'विरूपिका' लिहिणाऱ्या कवीचं हे दुसरं घर होतं.

मोठ्यांसाठी लिहिताना मात्र प्राणी या शहरात हसरा राहिला नाही. बा. सी. मर्ढेकरांची पिंपात मेलेल्या उंदरांची कविता 'काही कविता' (१९४७) या संग्रहातून वाचकांपुढे आली तेव्हा पुष्कळ वाचकांना ती थट्टा वाटली. तिची विडंबनं निघाली आणि अर्थाची चर्चा आजवर थांबलेली नाही. गर्दीत गुदमरणारा मुंबईकर, यंत्रयुगातला बेवारस माणूस, महायुद्धातल्या छळछावण्या, अशी अनेक वाचनं झाली. उंदीर या शहरात प्लेगच्या काळापासून, म्हणजे १८९६पासून, मरणाचा निरोप्या राहिलेला होता. गिरणगावच्या कोंदट खोल्यांत ती आठवण ताजी असताना ही कविता केवळ शब्दांचा खेळ म्हणून वाचणं अवघड जातं.

अण्णा भाऊ साठे (१९२० ते १९६९) यांची 'माझी मैना' ही छक्कड त्याच गर्दीतून निघाली. गावी राहिलेली मैना म्हणजे पोटासाठी मुंबईला आलेल्या कामगाराची बायको. तिच्या रूपाचं वर्णन खट्याळ, लाडिक, तमाशाच्या रीतीचं. मग रचना वळते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची ताटातूट म्हणजेच मैनेची ताटातूट होते. अमर शेखांच्या आवाजात गिरणगावच्या मैदानांत ती हजारोंनी ऐकली. पाखराच्या नावाने सुरू झालेली लाडीगोडी एका प्रदेशाच्या मागणीपर्यंत कशी नेता येते याचा हा वस्तुपाठ. गाणाऱ्याने मधल्या वळणावर एकही शब्द समजावून सांगितला नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाची मैना खरोखरच गावी होती.

त्यानंतरच्या कॅसेटच्या जमान्यात अर्थ भरण्याचं काम जवळजवळ पूर्णपणे श्रोत्यांनी घेतलं. आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा' या गाण्यात नुकताच मिठू मिठू बोलू लागलेला पोपट आहे, बस्स. त्याचा चावट अर्थ ज्याने त्याने आपापल्या कुवतीने लावला. फजिती झाली की पोपट झाला म्हणणाऱ्या मुंबईत त्या पाखराला आणखी एक पदर मिळाला. लालबाग-परळच्या मिरवणुकीत बँजोवाले नुसती चाल वाजवतात, शब्द कोणी म्हणत नाही, तरी नाचणारे योग्य जागी हसतात. शब्दांशिवाय अर्थ पोचणं हे या गाण्याचं खरं यश. अभिरुचीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी ते कधी मोजलं नाही. 'जत्रा' (२००६) या केदार शिंदे यांच्या चित्रपटातली अजय-अतुल यांची 'कोंबडी पळाली' ही त्याच वाटेवरची. पळणारी कोंबडी कोण, हे विचारावं लागत नाही. तीच चाल 'अग्निपथ' (२०१२) या हिंदी चित्रपटात 'चिकनी चमेली' होऊन गेली तेव्हा कोंबडी मराठीतच राहिली. गावरान कोंबडीमागे धावण्याची धांदल, अंगणातली धूळ, पाहणाऱ्यांची हुल्लड हे चित्र गेलं आणि उरला तो सरळसोट नखरा. प्राण्याचा आडोसा असल्यामुळे मराठी गाणं घरच्या हळदीत वाजू शकतं, आजीसुद्धा त्यावर टाळ्या वाजवते.

आता या गाण्यांचे 'खरे अर्थ' सांगण्याची टूम निघाली आहे, आणि तिच्यात विवेक कमी आहे. रचनेत अर्थ आहे असं म्हणायला तीन ठिकाणचा आधार चालतो. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा आणि उलगडा, जसा नाथांचा. परंपरेने चालत आलेलं निरूपण, जसं मुंगीच्या अभंगाचं. किंवा ज्या रीतीत गाणं म्हटलं जाई ती रीत, जशी नंदीबैलाची. यांपैकी काहीच नसताना तान्ह्या बाळाच्या तळहातावर बसणाऱ्या मोरात शेतीचं अर्थशास्त्र पाहणं म्हणजे फ्रेंच उंदरीला सैनिकाचा गणवेश चढवणं. त्या मोराच्या गाण्यात बोट तळहातावर टेकतं, चारा खातं, पाणी पितं आणि भुर्रकन उडतं. मुलाला गुदगुल्या होतात, हाताची ओळख होते, पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. गाण्याचं काम तिथे पूर्ण झालं.

संकलनाच्या कामातही हीच उणीव आहे. भारुडांचे, भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांचे संग्रह विपुल निघाले, पण बहुतेकांत नुसते शब्द आहेत. कोण म्हणे, कोणत्या दिवशी, कोणाला उद्देशून, लोक कुठे हसत, हे लिहून ठेवलेलं क्वचित आढळतं. झडत्यांच्या बाबतीत तर वर्षाची नोंद नसेल तर निम्मा अर्थ गेलाच. दामोदर हॉल २०२३च्या अखेरीस पाडकामासाठी बंद झाला आणि शक्ती-तुऱ्याच्या मंडळांना दुसरे हॉल शोधावे लागले. त्या सामन्यांतली कोडी आणि त्यांचे भेद अजून बव्हंशी शाहिरांच्या वह्यांत आहेत. वही एका घराण्याची असते, आणि भेद दुसऱ्या फडाला कळू नये म्हणून तो पुष्कळदा वहीतही लिहिलेला नसतो.